सोल्डर मारला की जोड पक्का? इंजिनात नाही

जुन्या गाडीच्या इंजिनातला कनेक्टर सैल झाला की एक सल्ला हमखास मिळतो: कनेक्टर कापून टाका, वायरी थेट जोडून सोल्डर मारा, जन्माचं काम होईल. हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगलं वायरिंग वाया जातं.

वितळलेला सोल्डर तांब्याच्या बारीक तारांमधून इन्सुलेशनच्या आतपर्यंत ओढला जातो. तेवढा भाग कडक होतो, पुढची वायर मऊच राहते. इंजिन सतत थरथरतं; सगळा ताण या दोन्हींच्या सीमेवर येतो आणि तारा एकेक करून तिथेच तुटतात, तेही इन्सुलेशनखाली, वरून काहीच दिसत नाही. म्हणूनच गाडीच्या वायरिंगमध्ये टर्मिनल, म्हणजे वायरीच्या टोकाचे धातूचे तुकडे, क्रिंप केलेली म्हणजे तारांभोवती दाबून बसवलेली असतात. योग्य क्रिंपिंग टूलने दाबलं तर तारा इतक्या घट्ट बसतात की मध्ये हवा शिरत नाही, आणि टर्मिनलचे मागचे कान इन्सुलेशनला धरून ताण झेलतात. साध्या पकडीने चेपलं, तर ते क्रिंप नव्हे.

बरेचदा तर वायर बिघडलेलीच नसते. फिमेल टर्मिनलची, म्हणजे ज्यात समोरची पिन (मेल) घुसते त्याची, पकड गेलेली असते. त्याच मापाची सुटी मेल पिन त्यात घालून ओढून पाहा. अलगद निसटली तर तेवढं टर्मिनल बदला. प्लास्टिक तडकलं असेल तरच पूर्ण कनेक्टर.

जोड तपासताना मल्टीमीटरच्या बीपवर, म्हणजे सर्किट सलग असल्याचं सांगणाऱ्या आवाजावर, विसंबू नका, एकच तार शाबूत असली तरी तो वाजतो. सर्किट चालू ठेवून जोडाच्या दोन्ही बाजूंमधला व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे जोडात होणारी व्होल्टेजची घट, मोजा. चांगल्या जोडावर तो जवळजवळ शून्य असतो.