डोळा कापल्याशिवाय काही कळत नाही?

औषधांच्या सुरक्षा चाचण्यांबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतो आहे: औषधाने डोळ्याच्या आत इजा केली का, हे प्राणी मारून, डोळा काढून, त्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कळतच नाही. हे आता अर्धंच खरं आहे.

१९९१ मध्ये ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी) हे डोळा न कापता आतलं दाखवणारं तंत्र जगासमोर आलं. जवळचा अवरक्त प्रकाश डोळ्यात सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून दृष्टिपटलाचे (डोळ्याच्या मागच्या पडद्याचे, म्हणजे रेटिनाचे) थर पडद्यावर उभे करायचे. काही मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांचा) फरकही दिसतो. खरा फायदा वेगळाच आहे. तोच उंदीर, तोच डोळा, औषधाआधी आणि नंतर पुन्हा पुन्हा तपासता येतो. सूज कधी आली, औषध थांबवल्यावर उतरली का, हे मेलेल्या डोळ्यातून कसं कळणार? शिवाय काप करताना दृष्टिपटल कधी कधी प्रक्रियेमुळेच सुटतं. ते औषधाच्या माथी मारलं जाऊ नये, म्हणून जिवंतपणी घेतलेलं चित्र कामी येतं.

पण ‘आता काप नकोतच’ हाही उतावीळपणाच. पेशीपातळीवर नेमकं काय बिघडलं, हे ओसीटी सहसा सांगत नाही. अखेरची ऊतक तपासणी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली काप पाहणं, त्यामुळे टिकून आहे. आणि चिरफाड नाही म्हणजे प्राण्याला काहीच त्रास नाही, असंही नव्हे. उंदराच्या बाहुल्या थेंब घालून मोठ्या कराव्या लागतात, बहुधा भूलही द्यावी लागते. भुलीत पापण्या मिटत नाहीत, त्यामुळे बुबुळावरचा पारदर्शक पडदा कोरडा पडून चित्र धूसर होतं. अशी धूसरता औषधाचा दोष म्हणून नोंदली, तर मशीन कितीही महागडं असो, निष्कर्ष चुकणारच.