कानबाईच्या कॅसेटी: लॅपटॉप की वेगळा रेकॉर्डर?

खानदेशात अनेक घरांत कॅसेटींचे डबे अजून आहेत. त्यांत कानबाई या खानदेशी देवीच्या उत्सवाच्या रात्री म्हटलेली गाणी असतात, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) झोक्यावरची असतात, हळदीची असतात, कुठे वहीगायन हा इथला लोकगायनाचा प्रकारही असतो. बहुतेक सगळं अहिराणीत आणि घरच्याच टेपरेकॉर्डरवर भरलेलं. बाजारात विकलेल्या कॅसेटीची प्रत कुठे ना कुठे सापडते. घरी भरलेल्या कॅसेटीची बहुधा नाही. म्हणून ती डिजिटल करताना लॅपटॉप वापरावा की कार्डावर आवाज भरणारा स्वतंत्र डिजिटल रेकॉर्डर, हा प्रश्न नुसत्या सोयीचा राहत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: आवाज उतरवून घ्यावा रेकॉर्डरवर, पुढचं सगळं काम करावं संगणकावर.

कॅसेट वाजायला तिचा पूर्ण वेळ घेते. सी-९० असेल तर दोन्ही बाजूंचा मिळून दीड तास. जुनी फीत पुन्हा तितकीच नीट वाजेल याचा भरवसा नसतो. या वेळात लॅपटॉपमध्ये पडद्यामागे अपडेट, अँटिव्हायरस अशी दहा कामं चालू असतात. येणारा आवाज तो आधी बफर नावाच्या तात्पुरत्या जागेत ठेवतो आणि तिथून डिस्कवर लिहितो. लिहायला उशीर झाला की बफर भरून जातो, पुढचा आवाज गळतो आणि गाण्यात बारीकसा ‘टक्’ राहतो किंवा अर्धा शब्दच जातो. रेकॉर्डरला तेवढं एकच काम असतं.

लॅपटॉपची दुसरी अडचण त्याच्या भोकाची. हेडफोनचं जे एकच भोक असतं, त्यातून आत जाणारा मार्ग माइकसाठी असतो: एकाच वाहिनीचा आणि अगदी क्षीण विजेसाठी बनवलेला. डेकच्या, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राच्या, लाइन-आउटमधून (आवाज बाहेर देणाऱ्या भोकातून) येणारा जोरदार संकेत त्यात घातला की आवाज फाटतो. लॅपटॉपच वापरायचा असेल, तर असा जोरदार संकेत घेणारी दोन भोकं (लाइन-इनपुट) असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा जोडडबा, घ्यावाच लागतो. शिवाय वाय-फाय व स्लीप बंद ठेवावं, बफर रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये १०२४ नमुन्यांपर्यंत (सॅम्पल्स) वाढवावा आणि चार्जर काढून बॅटरीवर काम करावं. डेक आणि चार्जर दोन्ही भिंतीच्या विजेवर असले, तर जमिनीच्या तारेतून ५० हर्ट्झची घरघर शिरू शकते.

रेकॉर्डर घेताना त्याला लाइन-इन आहे ना, हे आधी पाहावं. त्यातली ऑटो लेव्हल, लिमिटर आणि लो-कट ही आवाजात आपोआप फेरफार करणारी तिन्ही बटणं बंद करावीत. फाइल वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहावा. शून्यावर गेलेला आवाज कापला जातो आणि तो परत मिळत नाही. एका मिनिटाला सुमारे १७ एमबी जागा लागते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात वीसेक सी-९० मावतात. कॅसेट थेट पेनड्राइव्हवर उतरवणारी स्वस्त यंत्रं मात्र टाळावीत. त्यांतली बरीचशी फक्त एमपी३ बनवतात, आणि त्यात गाळलेला तपशील नंतर कशानेही भरून निघत नाही.

खरा निकाल लागतो तो डेकवर. ज्या टेपरेकॉर्डरवर गाणं भरलं, त्याच्या हेडचा (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा) कोन आणि तुमच्या डेकच्या हेडचा कोन जुळत नसेल, तर वरच्या पट्टीतला आवाज दबतो: टाळ मातीत पडल्यासारखे वाजतात, ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात. हे नुकसान संगणकावर दुरुस्त होत नाही. उपाय वाजवतानाच करायचा. दोन्ही वाहिन्या एकत्र करून हेडफोन लावावा, हेडशेजारचा बारीक स्क्रू चुंबकत्व नसलेल्या स्क्रूड्रायव्हरने अगदी थोडा थोडा फिरवावा आणि ‘स’ सर्वांत लख्ख ऐकू येईल तिथे थांबावं. प्रत्येक कॅसेटीला हे नव्याने करावं लागतं. त्याचा कंटाळा करू नये. घरगुती कॅसेट सहसा डॉल्बी (फितीची खरखर कमी करणारी सोय) लावून भरलेली नसते, त्यामुळे डेकवरचं डॉल्बी बंद ठेवावं. आवाज एकदम मंद झाला, तर फितीमागची फेल्टची गादी गळाली आहे का ते पाहावं. गळाली असेल तर फीत स्क्रूने उघडणाऱ्या दुसऱ्या कॅसेटीच्या डबीत हलवावी.

हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, रबरी रोलर सौम्य साबणाच्या पाण्याने. वाजवण्याआधी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्यावी. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात फितीच्या एका थरावरचं चुंबकत्व शेजारच्या थरावर जास्त उमटतं आणि गाणं सुरू होण्याआधी त्याची पुसट चाहूल ऐकू येते. फिरवल्याने ती कमी होते.

वीज गेली की सेलवरचा रेकॉर्डर चालू राहतो, पण डेक थांबतो. डेक इन्व्हर्टरवर लावायचा असेल तर साइन वेव्हचाच हवा. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरची गुरगुर आवाजात उतरते.

यानंतर संगणक. मूळ वेव्ह फाइलला हात न लावता तिची प्रत करावी आणि प्रतीवर काम करावं: वेग सुधारणं, खरखर कमी करणं, गाणी वेगळी करणं. सेल उतरलेल्या टेपरेकॉर्डरवर भरलेली गाणी चढ्या पट्टीत आणि घाईत वाजतात. तो वेग इथे सहज जुळतो. फाइलीसोबत गाणाऱ्यांची नावं, गाव, प्रसंग आणि साल लिहून ठेवावं, आणि हे घरातली वडीलधारी माणसं जवळ बसलेली असतानाच करावं. दोन प्रती वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवाव्यात, तिसरी दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे.

कॅसेट फेकू नये. शेवटपर्यंत गुंडाळून, पत्र्यापासून आणि स्पीकरपासून दूर, आतल्या खोलीत उभी ठेवावी.