उकिरडा गच्चीवर कसा चढला

आमच्या बाल्कनीत रंगाची एक जुनी वीस लिटरची बादली आहे. तापवलेल्या सळीने तिला चहूबाजूंनी भोकं पाडलेली, खाली एक फुटकी परात. झाकण काढलं की वर मोसंबीची सालं, दुधीचे देठ, कालचा चहाचा चोथा. हात खाली घातला की भुसभुशीत, काळपट, पहिल्या पावसासारखा वास येणारं खत. शेजारच्यांनी हेच काम करणारे मातीचे एकावर एक ठेवायचे सुबक हंडे ऑनलाइन मागवलेत. सोबत कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या भुशाची वीट आणि ‘कल्चर’ची, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंची पुडी. हे सगळं परदेशातून आलेलं नवं खूळ आहे, असं त्यांच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना वाटतं. खरं तर ते इथलंच आहे, आणि बरंच जुनं.

गावाकडे परसाच्या कोपऱ्यात उकिरडा असायचाच. शेण, राख, झाडलोट, खरकटं सगळं तिथे पडायचं आणि मृगाच्या आधी गाडीत भरून शेतात जायचं. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. प्रत्यक्षात ते दरवर्षीच फिटत. गाव सोडून मुंबईच्या चाळीत आलेल्या माणसाचा परस सुटला, पण सालं आणि देठं काही सुटली नाहीत. शहराने त्यावर एकच उपाय काढला, लांब नेऊन टाकणे. कुर्ला ते चेंबूर हा रेल्वेमार्ग 1906 साली घातला गेला तो कचऱ्याच्या गाड्यांसाठी. माणसांना त्यावरून प्रवास करायला मिळाला 1924 साली. देवनारचं डंपिंग ग्राउंड 1927 पासूनचं. शहरी कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला कचरा असतो. तो प्लॅस्टिकखाली दाबून टाकला की आत हवा जात नाही, मिथेन हा जळणारा वायू साचतो आणि पेट घेतो. जानेवारी 2016 मध्ये देवनार पेटलं तेव्हा त्याचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला.

गंमत म्हणजे याच मिथेनचा उपयोग मुंबईत त्याच्या कितीतरी आधी झाला होता. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत 1897 मध्ये सांडपाण्याच्या टाक्यांतून निघणारा वायू साठवून वापरायची सोय केली होती. पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने गोबरगॅस गावोगावी नेला, पण त्याला रोज पाट्या भरून शेण हवं. फ्लॅटमध्ये शेण कुठून आणणार? हा अडसर पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी 2003 च्या सुमारास काढला. वनस्पतिशास्त्रज्ञ माणूस, त्यांचा मुद्दा साधा होता. शेण म्हणजे गुरांनी आधीच पचवून उरलेला चोथा. जिवाणूंना त्यापेक्षा शिळा भात, खराब पीठ, नासकी फळं जास्त मानवणार. त्यांच्या ‘आरती’ या संस्थेच्या हिशेबाने दोन किलो पिष्टमय खरकट्यातून दिवसाभरात जेवढा मिथेन निघतो, तेवढ्यासाठी चाळीस किलो शेण आणि चाळीस दिवस लागतात. यंत्र काय, तर पाण्याच्या दोन प्लॅस्टिक टाक्या, एकीत दुसरी उपडी घातलेली. गॅस साठला की वरची टाकी उचलली जाते, वापरला की खाली बसते. 2006 मध्ये त्याला शाश्वत ऊर्जेसाठीचा ब्रिटनमधला ॲशडेन पुरस्कार मिळाला. बंगल्याच्या अंगणात ते चालतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मात्र नाही.

तिथे उपयोगी पडली ती दुसरी वाट, आणि ती सुरू झाली कोल्हापूर-सांगलीकडे. श्रीपाद दाभोलकर गणिताचे प्राध्यापक, गारगोटीच्या मौनी विद्यापीठात रमलेले. (डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे हे थोरले बंधू.) त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. विद्यापीठाच्या शिफारशींवर न थांबता प्रत्येकाने आपल्या बांधावर प्रयोग करायचे, मोजमाप ठेवायचं आणि ते एकमेकांना कळवायचं. तासगावच्या द्राक्षबागायतदारांनी याच वाटेने नाव काढलं. दाभोलकरांचा आवडता हिशेब दहा गुंठ्यांचा होता. पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांवर नीट जगू शकतं, असं ते मांडत. त्यासाठी ऊन किती मिळतं, पान किती ऊन पकडतं, ते पान परत मातीत कसं जातं, याचं गणित करायचं. जमीन किती यापेक्षा सकस माती किती, हा प्रश्न त्यांनी महत्त्वाचा ठरवला. हा प्रश्न शहरातल्या माणसाच्या पथ्यावर पडला, कारण जमीन त्याच्याकडे नव्हतीच.

मुंबईत वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी आपल्या गच्चीवर भाजी काढत होते. ते अर्थशास्त्राचे. गच्चीवरच्या बागेची खरी अडचण पाणी नाही, वजन आहे. एक घनफूट ओली माती पंचेचाळीस-पन्नास किलो भरते. घनफूटभर मातीचे असे पन्नास वाफे मांडले तर स्लॅबवर अडीच टन चढले, शिवाय गळतीचं भांडण वेगळं. दोशींनी माती जवळजवळ वगळलीच. रसवंतीबाहेर फेकलेलं उसाचं चिपाड, थोडं खत, वर मूठभर माती, आणि हे सगळं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत किंवा कापलेल्या पिंपांत. चिपाड हलकं, पाणी धरून ठेवतं आणि हळूहळू स्वतःच खत होतं. फुकट मिळतं, हेही आलंच. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत हुशार रचना हीच वाटते. बाजारातल्या कुठल्याही कुंडीपेक्षा सरस.

पुढचं पाऊल पडलं मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात. गोदीतल्या हजारो कामगारांचं जेवण तिथे शिजायचं. भाज्यांची सालं, खरकटं, चहाचा चोथा रोज पोत्यांनी निघायचा. खानपान विभागाच्या अधिकारी प्रीती पाटील यांनी 2002 मध्ये तो कचरा बाहेर न पाठवता वरच्या गच्चीवर न्यायला सुरुवात केली. आधी दोशींची पद्धत, मग दाभोलकरांचे शिष्य दीपक सचदे यांची ‘अमृत मिट्टी’. तिची कृती घरच्या लोणच्याइतकी सोपी आहे: दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम गूळ. तीन दिवस रोज ढवळायचं, चौथ्या दिवशी दहापट पाणी घालायचं, त्यात वाळकी पानं भिजवून थर लावायचे. साडेचार-पाच महिन्यांत माती हाती येते. गोदीच्या छपरावर भाज्याच काय, फळझाडंही उभी राहिली. तिथूनच 2009 मध्ये ‘अर्बन लीव्ह्ज’ हा गट निघाला आणि रविवारी लोक हात काळे करायला जमू लागले.

सरकारी बाजू थोडक्यात. पर्यावरण कार्यकर्त्या अल्मित्रा पटेल यांनी 1996 मध्ये शहरांच्या कचऱ्याबाबत सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तिच्या रेट्यामुळे 2000 साली घनकचऱ्याचे नियम आले, 2016 मध्ये ते बदलले. मुंबई महापालिकेने मोठ्या सोसायट्यांना (20,000 चौरस मीटरपेक्षा मोठं आवार किंवा दिवसाला 100 किलोंहून जास्त कचरा) ओला कचरा आवारातच जिरवण्यासाठी 2 ऑक्टोबर 2017 ही मुदत दिली. पुण्यात गांडूळखत प्रकल्प असेल तर मिळकतकरात पाच टक्के सवलत मिळते.

नियम आला की विक्रेता येतोच. ‘चोवीस तासांत खत’ देणारी विजेची यंत्रं सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये येऊन बसली. त्यांतली बरीचशी खरकटं तापवून वाळवतात, एवढंच. बाहेर पडणारी तपकिरी भुकटी ओली झाली की पुन्हा कुजायला लागते, झाडाच्या मुळाशी घातली तर झाडच पिवळं पडतं. आमच्याही सोसायटीत असं एक आहे. विजेचं दुसरं बिल आलं त्या महिन्यापासून त्यावर सायकली टेकवतात. याउलट पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या बायका सोसायट्यांचे साधे विटांचे खड्डे सांभाळतात, आणि ते चालतात. कारण त्या रोज हात लावतात.

बादलीचंही तसंच. माझी पहिली बादली महिन्याभरात आंबली, पांढऱ्या अळ्या कठड्यावरून खालच्या काकूंच्या पापडांवर उतरल्या आणि आमचं बोलणं बंद झालं. चूक एवढीच होती की मी नुसतं ओलं टाकत होतो. प्रत्येक ओल्या थरावर तेवढीच वाळकी पानं पडली की हवा खेळते, वास येत नाही, अळ्याही कमी होतात; सुरुवातीला आंबट ताकाचा हबका मारला की विकतची पुडीही लागत नाही. अडचण होते ती वाळक्या पानांची. सोसायट्या ती झाडून पेटवतात आणि बाल्कनीतली मंडळी कोकोपीट विकत आणतात. पुण्यातल्या ‘ब्राउन लीफ’ गटाने हे दोन टोकांचे लोक एकमेकांना गाठून दिले: ज्यांच्याकडे पानं आहेत त्यांनी पोतं भरून ठेवायचं, ज्यांना हवीत त्यांनी येऊन न्यायचं. आमचा वॉचमन हल्ली फाल्गुनात बदामाची पानं पेटवत नाही. दोन पोती जिन्याखाली ठेवतो. त्यातलं एक काकू नेतात.