शेतातून वाहून जाणारे स्फुरद

खत घातलेल्या शेतातले स्फुरद, म्हणजेच फॉस्फरस, पाण्याबरोबर ओढ्यानाल्यांत व तलावांत उतरून तिथले पाणी बिघडवते, ती प्रक्रिया. गव्हाच्या संदर्भात तिचा अभ्यास मुख्यतः थंड प्रदेशांत झाला आहे. मुंबईत गव्हाचे शेत नाही. तरीही हा विषय शहराच्या दारात येतो, तो वेगळ्या वाटेने.

बागायती गव्हाला महाराष्ट्रात हेक्टरी १२० किलो नत्र (नायट्रोजन), ६० किलो स्फुरद (फॉस्फरस ऑक्साइडच्या, म्हणजे P₂O₅ च्या, मापात) आणि ४० किलो पालाश (पोटॅश) देण्याची शिफारस आहे. स्फुरद सगळे पेरणीलाच देतात, बहुधा डीएपी किंवा सुपर फॉस्फेट या खतांतून. नत्रासारखे ते पाण्याबरोबर सहज झिरपत नाही. मातीतल्या चुन्याला, लोहाला चिकटून बसते. त्यामुळे ते जाते ते प्रामुख्याने धुपलेल्या मातीबरोबर. आपल्याकडे गहू रब्बीचा, पाऊस संपल्यावरचा. म्हणून हे नुकसान पुढच्या पावसाळ्यात, रान उघडे असताना होते. दोन चाड्यांच्या पाभरीने, म्हणजे बी आणि खत वेगवेगळे सोडणाऱ्या पेरणीच्या अवजाराने, बियाण्याखाली पेरलेले खत जागेवर राहते, वर फेकलेले वाहते. नांगरट न करता शेती केली की धूप कमी होते, पण स्फुरद वरच्याच थरात साठते आणि विरघळून जाण्याचे प्रमाण वाढू शकते. अमेरिकेतील ईरी सरोवराच्या पाणलोटात हा पेच पुढे आला. मका, सोयाबीन आणि गव्हाच्या त्या पट्ट्यातून मॉमी नदीने आणलेल्या स्फुरदावर नीलहरित शैवाल माजते. ऑगस्ट २०१४ मध्ये त्याचे विष टोलीडो शहराच्या नळांपर्यंत पोहोचले आणि सुमारे चार लाख लोकांना पाणी पिऊ नका असे सांगावे लागले.

गोड्या पाण्यात शैवालाची वाढ बहुधा स्फुरदाअभावी अडून राहते, कारण नत्र काही नीलहरित जाती हवेतूनही मिळवतात. कॅनडात १९७३ साली एका सरोवराच्या मधोमध पडदा लावला गेला. दोन्ही भागांत कार्बन व नत्र टाकले, स्फुरद मात्र एकाच भागात. तोच हिरवागार झाला. लिटरमागे मिलिग्रॅमचे काही शतांश एवढे स्फुरदही पुरेसे ठरते. शैवाल मरून कुजताना प्राणवायू संपतो, मासे मरतात.

मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत. तानसा, वैतरणा, भातसा या बाजूला शेती भाताची. खरी दुखरी जागा पवईची. १८९१ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव आज त्या कामाचा राहिलेला नाही. त्याचे पाणी उद्योग आणि बागांना जाते. जलपर्णी काढली तरी पुन्हा पसरते. इथले स्फुरद खताच्या गोणीतून थेट येत नाही, सांडपाण्यातून येते. पण गव्हाच्या टनामागे सुमारे तीन किलो फॉस्फरस दाण्यातून शेताबाहेर जातो. तो पोळीपावातून शहरात शिरतो आणि प्रौढ माणसाच्या शरीरातून जवळजवळ तेवढाच बाहेर पडतो. शेतातून वाहून न गेलेल्या खताचा एक वाटा असा ताटामार्गे नाल्यात येतो. कपडे धुण्याच्या काही पावडरींतले फॉस्फेट त्यात भर घालते.

सांडपाणी अडवणे हा पहिला उपाय, मात्र तो एकटा पुरत नाही. तळाच्या गाळात लोहाला बांधलेले स्फुरद प्राणवायू संपताच सुटून वर येते, त्यामुळे नाले बंद केल्यावरही तलाव वर्षानुवर्षे हिरवा राहू शकतो. काढलेली जलपर्णी काठावरच कुजू दिली तर तिच्यातले स्फुरद पावसात परत पाण्यात जाते. ती लांब नेऊन तिचे खत करणे बरे. शहराचे बरेचसे मैलापाणी वरळी, वांद्रे इथून समुद्रात सोडले जाते. समुद्रात शैवालाला बहुतेक वेळा नत्राचीच टंचाई असते, म्हणून तिथे स्फुरदाचा परिणाम तलावाइतका ठळक दिसत नाही. शेताकडे मात्र ते परतत नाही; त्याची भरपाई मोरोक्को, जॉर्डनसारख्या देशांतून आणलेल्या फॉस्फेट खडकातून व आम्लातून करावी लागते.