शोक आणि नैराश्य: फरक ऐकल्यावरच कळतो

वडील जाऊन तीन महिने झाले. आई पहाटेच जागी होते. ताटात वाढलेलं तसंच राहतं, शेजारणींकडे जाणं बंद झालंय, देवपूजाही सुनेवर सोडलीय. थोरला म्हणतो, ‘चाळीस वर्षांचा संसार होता, वेळ लागणारच.’ धाकटी म्हणते, ‘दादा, तिला डॉक्टरांकडे नेऊ या.’ दोघांपैकी कुणाचंही बरोबर असू शकतं. रडणं, भूक मरणं, झोप उडणं, माणसांत नकोसं वाटणं हे शोकातही असतं आणि नैराश्यातही. लांबून बघून त्यातलं काय आहे ते ओळखू येत नाही. आई काय बोलते त्यावरून ते बरंच कळतं, पण त्यासाठी आधी तिला बोलू द्यायला हवं.

शोकातलं बोलणं गेलेल्या माणसाभोवती फिरतं. ‘चहा दोन कप टाकते अजून’, ‘यांना आमरस किती आवडायचा’. कपाटातला सदरा हाती लागला, गणपती जवळ आले, की हुंदका दाटून येतो. मग तो ओसरतो आणि नातवाच्या एखाद्या खोडीवर ती हसतेही. दुःख खरंच असतं, पण मधेमधे उसंत मिळते. आपण कुणीतरी आहोत, आपलीही माणसं आहेत, ही जाणीव शाबूत राहते. अपराधी वाटलं तरी ते एखाद्या ठरावीक गोष्टीचं असतं: ‘आदल्या दिवशीच दवाखान्यात न्यायला हवं होतं.’

नैराश्यात बोलण्याचा रोख स्वतःकडे वळतो. ‘मी कुणाच्याच कामाची नाही’, ‘तुमच्यावर भार झालेय’, ‘माझ्यामुळेच घराचं वाटोळं झालं’. नवऱ्याची आठवण निघाली तरी उमाळा येत नाही. कशातच मन लागत नाही, आणि हे निमित्ताने येऊन जात नाही. दिवसभर, रोज तसंच असतं. पुष्कळांना सकाळ सगळ्यात जड जाते. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ साली हा भेद मांडला होता: शोकात माणसाला जग रितं वाटतं, नैराश्यात तो स्वतःच रिता होतो. त्यांच्या बाकीच्या सिद्धांतांचं काहीही होवो, एवढं निरीक्षण आजही उपयोगी पडतं.

डॉक्टर निदान करताना ठरावीक नऊ लक्षणं पाहतात. त्यातली किमान पाच, निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज असावी लागतात, आणि त्यांत उदासी किंवा कशातही रस न उरणं यांपैकी एक असावंच लागतं. थायरॉइडच्या आजारातही असाच गळाठा येतो, म्हणून रक्त तपासायला सांगितलं तर टाळू नये.

शोक आणि नैराश्य एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात, हे मात्र फार उशिरा मान्य झालं. जवळचं माणूस गेल्यावर पहिल्या दोन महिन्यांत सहसा नैराश्याचं निदान करू नये, असा निकष अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या, निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या नियमावलीत होता. २०१३ च्या आवृत्तीत तो काढून टाकला. शोकाला आजार ठरवाल, अशी टीका तेव्हा खूप झाली. ती भीती मला समजते, पण बदल योग्य होता असंच मला वाटतं. ‘नवरा गेलाय, असं होणारच’ या एका वाक्याखाली आपल्याकडच्या किती बायकांचं नैराश्य झाकून राहिलं असेल!

आता ऐकण्याबद्दल. आपल्याकडे पहिले तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘कसं झालं?’ आणि ती बाई तीच हकीकत पुन्हा सांगते. घरच्यांना ते क्रूर वाटतं. पण शोकात हे सांगणं लागतंच. सांगता सांगताच झालेलं खरं वाटू लागतं. अडचण नंतर येते. तेराव्यानंतर पाहुणे परततात आणि गेलेल्याचं नाव कुणी काढेनासं होतं, तिला त्रास होईल म्हणून. उलट नाव काढावं. ‘बाबांच्या नोकरीतली ती गोष्ट सांग ना’ म्हणावं आणि ती रडली तर रडू द्यावं. शोकात बहुतेकांना याहून वेगळं औषध लागत नाही.

नैराश्यातलं माणूस असं बोलत नाही. मन खचलंय असंही सहसा म्हणत नाही; ‘अंगात त्राण नाही’, ‘डोकं जड झालंय’, ‘टेन्शन आहे’ म्हणतं. तिथे ऐकणाऱ्याला जास्त धीर धरावा लागतो. प्रश्न विचारून गप्प बसावं लागतं, आणि ‘मनावर घेऊ नकोस’, ‘देवाचं नाव घे’, ‘लोकांचं बघ, किती सोसतात’ ही वाक्यं गिळावी लागतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण आजारी माणसाला त्यातून एवढंच ऐकू येतं की आपण कमी पडलो.

ऐकण्याला थोडी रीत दिली तर ते उपचारही होतं. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि ‘संगत’ या संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये हे करून पाहिलं. तीव्र नैराश्य असलेल्या लोकांना प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक सहा ते आठ वेळा भेटले. ते डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. ऐकून घ्यायचं, मग त्या माणसाला पूर्वी बरं वाटायचं अशी छोटी कामं दोघांनी मिळून पुन्हा सुरू करायची, एवढाच गाभा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना केवळ नेहमीची सेवा थोडी सुधारून मिळाली, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांतही गावातल्याच कार्यकर्त्यांमार्फत असं काम झालं. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं.

घरच्यांनी ऐकणं मात्र कधीकधी अपुरं पडतं. अंघोळ, जेवण सुटलं, बोलणंचालणं मंदावलं किंवा आठवडे उलटूनही काही फरक दिसला नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं. नैराश्याच्या गोळ्यांची झोपेच्या काही गोळ्यांसारखी चटक लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठवड्यात सोडू नयेत, आणि बरं वाटल्यावरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. शोकच वर्ष उलटूनही पहिल्या दिवसाइतका तीव्र राहिला आणि रोजचं जगणं अडवू लागला, तर त्यालाही आता वेगळं निदान आहे, वेगळे उपचार आहेत.

मरणाबद्दलचं बोलणं तर नीट कान देऊन ऐकावं. ‘त्यांच्याकडे जावंसं वाटतं’ हे शोकातही अनेकदा येतं. ‘मी जगायच्या लायकीची नाही’, ‘मी नसले तर सगळे सुटतील’ हे नैराश्याचं बोलणं आहे. पण यांतलं काहीही कानावर आलं तरी तर्क करत बसू नये, सरळ विचारावं: ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का? कसा, कधी, ते ठरवलंयस का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. पुष्कळांना कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं होतं. उत्तर ‘हो’ असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नये, घरातली कीटकनाशकं आणि गोळ्यांचा साठा हलवावा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. तो फोन आजारी माणसानेच करायला हवा असं नाही. काय करावं ते सुचत नसेल तर मुलगी, सून, शेजारी, कुणीही करू शकतं.