इन ओल्ड शिकागो

अमेरिकन ऐतिहासिक चित्रपट. ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्स या कंपनीने १९३७ मध्ये तो तयार केला आणि जानेवारी १९३८ मध्ये तो पहिल्यांदा पडद्यावर आला. दिग्दर्शक हेन्री किंग, निर्माता डॅरिल एफ. झॅनक. टायरोन पॉवर, डॉन अमीची, ॲलिस फे, ॲलिस ब्रेडी आणि ब्रायन डॉनलेव्ही यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. ऑक्टोबर १८७१ मध्ये शिकागो शहर जाळून टाकणाऱ्या आगीवर शेवट बेतलेला असला, तरी चित्रपटाचा बराचसा भाग ओलिअरी या आयरिश कुटुंबातल्या दोन भावांच्या वैराचा आहे. मूळ कथा नायव्हन बुश यांची, पटकथा लमार ट्रॉटी आणि सोन्या लेव्हिएन यांची.

कथेची सुरुवात १८५४ मध्ये होते. ओलिअरी कुटुंब घोडागाडीतून शिकागोकडे निघालेले असते. वाटेत बाप पॅट्रिक आगगाडीशी शर्यत लावतो, घोडे उधळतात आणि त्यातच त्याचा जीव जातो. विधवा मोली तीन मुलांना घेऊन शहरात येते. चिखल उडून खराब झालेला एका बाईचा पोशाख ती धुऊन देते आणि तिथूनच तिचा कपडे धुण्याचा धंदा उभा राहतो. तिची वस्ती ‘पॅच’ नावाच्या भागात आहे. लाकडी खोपट्या, दारूचे गुत्ते आणि जुगाराचे अड्डे यांनी तो भाग दाटलेला आहे. कॉन्लीज पॅच नावाची गरिबांची झोपडवस्ती त्या काळच्या शिकागोत खरोखरच होती आणि १८७१च्या आगीत ती जळाली.

मुले मोठी होतात. जॅक (अमीची) सचोटीचा वकील होतो. डायन (पॉवर) देखणा, गोडबोल्या आणि पैशासाठी काहीही करायला तयार असलेला जुगारी निघतो. धाकटा बॉब आईच्या कामाला हातभार लावतो. एके दिवशी धुवायला आलेल्या एका कापडावर मोलीला रेघोट्या दिसतात. गावातला बडा धंदेवाला आणि राजकारणी गिल वॉरन (डॉनलेव्ही) याने त्यावर रस्त्याचा नकाशा काढलेला असतो. कोणत्या रस्त्याने ट्राम जाणार आणि तिथल्या जागा आधीच कवडीमोलाने कशा घ्यायच्या, याचा तो बेत. डायनच्या हे ताबडतोब लक्षात येते. वॉरनच्याच गुत्त्यात गाणाऱ्या बेल फॉसेटला (फे) हाताशी धरून, नगरसेवकांचे हात ओले करून तो त्याच रस्त्यावर स्वतःचे सलून, म्हणजे दारूचा गुत्ता, थाटतो. आईच्या धुण्याच्या पिंपात शहराचा भ्रष्टाचार सापडावा, हा प्रसंग पटकथेतला सर्वांत नेमका आहे. बाई राबते कुठे, मुलगा पैसा काढतो कुठून आणि शहर चालवते कोण, हे तिन्ही प्रश्न त्या एका मळक्या कापडावर एकत्र येतात.

पुढची गुंतागुंत निवडणुकीभोवती आहे. डायन वॉरनला पाठिंबा कबूल करतो, त्याच्याकडून हवे ते पदरात पाडून घेतो आणि ऐन वेळी त्याचा पत्ता कापून आपल्या भावाला महापौर करतो. भाऊ आपल्याच मुठीत राहील अशी त्याची खात्री असते. जॅक मात्र निवडून येताच पॅचवर हात घालतो. ही वस्ती गुन्हेगारीची आहेच, शिवाय एका ठिणगीने पेटेल अशी आहे, असे त्याचे म्हणणे असते. डायनविरुद्धच्या खटल्यात बेलची साक्ष महत्त्वाची ठरणार असते. डायन तिला लग्नाची मागणी घालतो आणि लग्न लावायला महापौर भावालाच बोलावतो. विधी पार पडल्यावर तो हसत सांगतो, की बायकोला नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला कायद्याने भाग पाडता येत नाही. यावर दोघा भावांची जी मारामारी होते, ती त्या काळच्या हॉलिवूडमधल्या ठोकळेबाज हाणामारीपेक्षा बरीच कडवट आहे. पॉवर आणि अमीची दोघेही इथे प्रेक्षकांना खूश करण्याच्या फंदात पडत नाहीत.

याच मारामारीची बातमी गोठ्यात धार काढत बसलेल्या मोलीपर्यंत पोहोचते. ती कंदील तिथेच ठेवून धावत सुटते. डेझी नावाची गाय लाथ मारते, कंदील कलंडतो आणि गवत पेट घेते. शिकागोतल्या प्रत्येक पोराला पाठ असलेली दंतकथा पटकथाकारांनी अशी भावांच्या भांडणाला जोडली आहे. म्हणजे आग कुठून तरी येऊन कथेवर कोसळत नाही. आईचे लक्ष मुलांच्या वैराकडे वळते, तेवढ्यात ती लागते. आपत्तीपट पुष्कळ निघाले, पण आपत्तीचे मूळ पात्रांच्या वागण्यात इतके घट्ट रुतवणारे थोडे. या चित्रपटाचे मोठेपण मुख्यतः या बांधणीत आहे असे मला वाटते.

शेवटची सुमारे वीस मिनिटे आगीची आहेत. आगीच्या वाटेतल्या इमारती सुरुंगाने उडवून मोकळा पट्टा तयार करायचा, म्हणजे पुढचे शहर वाचेल, असा निर्णय जॅक घेतो. हा आपली वस्ती पाडण्याचा डाव आहे असे सांगून वॉरन जमाव भडकवतो. दोघे भाऊ एकत्र येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. जॅक मारला जातो. कत्तलखान्याच्या आवारातून उधळलेल्या गुरांच्या पायाखाली वॉरन सापडतो. लोक नदीकडे आणि सरोवराकडे पळत असतात, त्या गर्दीत डायनला आई आणि बेल भेटतात. या भागाच्या विशेष दृश्यांचे दिग्दर्शन एच. ब्रूस हम्बरस्टोन यांनी केले. लहान प्रतिकृती, जोडचित्रण (वेगवेगळी चित्रणे एकाच दृश्यात जोडणे) आणि स्टुडिओच्या आवारात उभारून खरोखर पेटवलेल्या इमारती यांची सरमिसळ इतकी बेमालूम आहे, की कुठे काय संपते ते आजही सहज कळत नाही. गुरांचा लोंढा चौकात वळतो आणि मागे भिंत कोसळते, ते दृश्य पाहताना खुर्चीत सावरून बसायला होते.

प्रत्यक्षातली आग ८ ऑक्टोबर १८७१ रोजी, रविवारी रात्री नऊच्या सुमारास डीकोव्हन रस्त्यावरच्या पॅट्रिक आणि कॅथरिन ओलिअरी यांच्या गोठ्यात किंवा त्याच्या लगत सुरू झाली. एवढे खरे, पण का सुरू झाली हे सिद्ध झालेले नाही. त्या उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ पडलाच नव्हता. घरे लाकडी, पदपथ लाकडी आणि कित्येक रस्त्यांची फरसबंदीसुद्धा लाकडाची. आदल्याच रात्री एक मोठी आग विझवून बंबवाले थकलेले होते. त्यातच टेहळणीच्या मनोऱ्यावरून आगीची जागा चुकीची सांगितली गेली आणि बंब भलतीकडे धावले. नैर्ऋत्येकडून सुटलेल्या वाऱ्याने ज्वाळा नदीपलीकडे नेल्या. पुढे पाणीपुरवठा केंद्राचे छत जळून पंप बंद पडले आणि नळांना पाणी उरले नाही. १० तारखेला पाऊस आला तेव्हा सुमारे सव्वातीन चौरस मैलांचा भाग बेचिराख झाला होता. सुमारे ३०० माणसे दगावली, सुमारे १७,५०० इमारती गेल्या आणि तीन लाख वस्तीच्या शहरातले लाखभर लोक बेघर झाले. ओलिअरींचे स्वतःचे घर मात्र वाचले, कारण वारा उलट्या दिशेने वाहत होता. त्याच रात्री विस्कॉन्सिनमधल्या पेश्टिगो गावाभोवती पेटलेल्या वणव्यात याच्या कित्येक पट माणसे मेली, पण त्या आगीचे नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे.

चित्रपटाने इतिहासात केलेले बदल मोठे आहेत. खरा पॅट्रिक ओलिअरी आगीच्या वेळी हयात होता. कॅथरिन कपडे धुण्याचा नव्हे, दुधाचा धंदा करीत असे आणि तिच्याकडे एकाहून अधिक गायी होत्या. आग लागली तेव्हा आपण अंथरुणात होतो, असे तिने चौकशीत सांगितले. १८७१चा महापौर रॉसवेल मेसन होता, ओलिअरी घराण्यातला कोणी नव्हे. मात्र शहराच्या बंदोबस्तासाठी बोलावलेला जनरल फिलिप शेरिडन चित्रपटात भेटतो. आग थोपवण्यासाठी इमारती उडवल्या गेल्या, यालाही इतिहासाचा आधार आहे. डायनसारखा मुलगाही त्या घरात खरोखर होता. कॅथरिनचा मुलगा जेम्स, ‘बिग जिम’ ओलिअरी, पुढे शिकागोच्या कत्तलखान्यांच्या परिसरात सलून आणि जुगाराच्या धंद्यामुळे प्रसिद्ध झाला.

कॅथरिनच्या वाट्याला जे आले त्याची चित्रपटात चाहूलसुद्धा नाही, आणि ही उणीव मला बोचते. आग धुमसत असतानाच वर्तमानपत्रांनी तिला दोषी ठरवून टाकले. ती गरीब, आयरिश आणि कॅथलिक होती, त्यामुळे ते सगळ्यांना सोयीचे होते. चाळिशीतल्या बाईला त्यांनी जख्ख म्हातारी म्हणून रंगवले. अधिकृत चौकशीने आगीचे कारण ठरवता येत नाही असे म्हटले, तरी गाय आणि कंदील लोकांच्या डोक्यातून गेले नाहीत. पुढे मायकल अहर्न या बातमीदाराने हा किस्सा रचलेला होता अशी कबुली दिली, असे सांगितले जाते. कॅथरिन उरलेले आयुष्य माणसांपासून दूर राहिली आणि १८९५ मध्ये वारली. शिकागोच्या नगरपरिषदेने तिला आणि तिच्या गायीला निर्दोष ठरवणारा ठराव केला तो १९९७ मध्ये. चित्रपटातली मोली करारी, प्रेमळ आणि ताठ कण्याची आहे. या अर्थाने चित्रपटाने त्या बाईची बदनामी पुसून टाकली, पण कंदील पुन्हा तिच्याच गोठ्यात ठेवून दंतकथेला आणखी काही पिढ्यांचे आयुष्य दिले.

निर्मितीमागे सरळ स्पर्धा होती. १९०६च्या भूकंपावरचा, एमजीएम या प्रतिस्पर्धी कंपनीचा ‘सॅन फ्रान्सिस्को’ १९३६ मध्ये प्रचंड चालला होता आणि झॅनक यांना त्याच्या तोडीचे काहीतरी हवे होते. चित्रपटावर १५ लाख डॉलरांहून अधिक खर्च झाला. ती रक्कम त्या काळी डोळे फिरवणारी होती. बेलच्या भूमिकेसाठी जीन हार्लोचा विचार झाला होता, पण जून १९३७ मध्ये तिचे अकाली निधन झाले आणि भूमिका ॲलिस फे हिला मिळाली. तोवर हलक्याफुलक्या संगीतपटांत अडकलेल्या फेला इथे पहिल्यांदा राग, मत्सर आणि दुखावलेपण दाखवायला मिळाले. तिने ते नेटकेपणाने केले. पॉवर, फे आणि अमीची हे त्रिकूट आणि दिग्दर्शक किंग यांना घेऊन फॉक्सने १९३८ मध्येच ‘अलेक्झांडर्स रॅगटाइम बँड’ काढला.

ऑस्करसाठी चित्रपटाला सहा नामांकने मिळाली. त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचेही एक होते. तो मान ‘द लाइफ ऑफ एमिल झोला’कडे गेला. मोलीच्या भूमिकेसाठी ॲलिस ब्रेडी हिला सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. साहाय्यक दिग्दर्शक रॉबर्ट वेब यांनाही पुरस्कार मिळाला आणि त्यानंतर तो विभागच बंद करण्यात आला. लॉस एंजेलिसमधल्या पुरामुळे आठवडाभर लांबलेला हा समारंभ १० मार्च १९३८ रोजी झाला. ब्रेडी घोटा मोडल्यामुळे हजर नव्हती. तिच्या वतीने कोणी अनोळखी माणूस मंचावर गेला आणि पुरस्काराचा छोटा फलक घेऊन पसार झाला, ही गोष्ट अनेक दशके सांगितली जाते. अलीकडच्या शोधांनी तिचा पाया बराच डळमळीत केला आहे. ब्रेडी १९३९ मध्ये, वयाच्या ४६व्या वर्षी कर्करोगाने वारली. तिचा आयरिश उच्चार अधूनमधून घसरतो हे खरे, पण मुलांवर ओरडताना आणि त्यांच्यासाठी झुरताना तिचा आवाज एकाच सुरात राहतो. चित्रपटाची सगळी धांदल त्या सुरावर तोललेली आहे.

मोठ्या शहरांत आगाऊ तिकिटांवर दाखवलेली मूळ आवृत्ती सुमारे ११० मिनिटांची होती. नंतर सर्वत्र फिरलेली प्रत सुमारे ९५ मिनिटांची आहे. दोन्ही आज पाहायला मिळतात. छोट्या आवृत्तीत कथेची गती वाढते, पण भावांमधला दुरावा हळूहळू कसा वाढत गेला ते नीट उमगत नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याने लांब आवृत्तीच निवडावी.