ड्रॉपकिक मर्फीज की फ्लॉगिंग मॉली?

सेंट पॅट्रिक दिनाच्या, म्हणजे १७ मार्चच्या आयरिश सणाच्या सुमारास जी आयरिश पंक गाणी (पंक रॉक आणि आयरिश लोकसंगीत यांचे मिश्रण) सगळीकडे वाजू लागतात, त्यांत या दोन बँडांची सरमिसळ हमखास होते. दोन्ही बँड अमेरिकेतले, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात उभे राहिलेले, आणि लंडनच्या द पोग्ज या बँडचे ऋण दोघांवरही उघड दिसते. आयर्लंडशी त्यांचे नाते मात्र अगदी निरनिराळे आहे.

ड्रॉपकिक मर्फीज १९९६ मध्ये बॉस्टनलगतच्या क्विन्सी शहरात सुरू झाला. त्याचे आयरिशपण स्थलांतरितांच्या नातवंडा-पतवंडांचे आहे. त्यात कामगार संघटना आहेत, बेसबॉलचा स्थानिक संघ आहे, बॉस्टनचा अभिमान तर ठासून भरलेला आहे. पहिले गायक माइक मॅकोलगन यांनी १९९८ मध्ये बँड सोडला आणि ते बॉस्टनच्या अग्निशमन दलात गेले, यावरून ही माणसे कोणत्या थरातली होती ते कळावे. ‘आय’म शिपिंग अप टू बॉस्टन’ हे त्यांचे २००५ चे गाणे, जे पुढल्या वर्षी ‘द डिपार्टेड’ या चित्रपटामुळे जगभर पोचले, ऐकताना जुने आयरिश खलाशीगीत वाटते. प्रत्यक्षात त्याचे शब्द वुडी गथ्री या अमेरिकी लोकगायकाच्या संग्रहातले आहेत.

फ्लॉगिंग मॉली लॉस एंजेलिसचा. त्याचे गायक डेव्ह किंग मूळचे डब्लिनचे, आणि १९८० च्या दशकात ते फास्टवे या हार्ड रॉक बँडमध्ये गात असत, हे अनेकांना ठाऊक नसते. मॉली मलोन्स या पबमध्ये दर सोमवारी वाजवता वाजवता हा बँड घडला, आणि नावही तिथूनच आले. इमिग्रेशनच्या अडचणींमुळे किंग यांना कित्येक वर्षे मायदेशी जाता आले नव्हते. ‘स्वॅगर’ (२०००) आणि ‘ड्रंकन लॅलबाइज’ (२००२) या अल्बमांतली घराची ओढ त्यामुळेच उसनी वाटत नाही.

कानाला फरक असा जाणवतो: ड्रॉपकिक मर्फीजच्या बहुतेक गाण्यांतून बॅगपाइप आणि बँजो वगळले तरी रोखठोक पंक गाणे शिल्लक राहते, तर फ्लॉगिंग मॉलीमधून ब्रिजेट रीगन यांचे व्हायोलिन काढले की बहुतेक चालींचा कणाच मोडतो. ड्रॉपकिक मर्फीजच्या २०२२ च्या अल्बमला मात्र ही कसोटी लागू पडत नाही, कारण गथ्री यांच्याच शब्दांवर बेतलेल्या त्या गाण्यांत इलेक्ट्रिक गिटारच नाही.